त्रेचाळीस पिवळ्या टोप्या

चर्चच्या उन्हाळी शिबिरात पोरांना पाणी पाजायचं काम अंजनाने आपणहून अंगावर घेतलं, त्यात भक्ती-बिक्तीचा काही संबंध नव्हता. खोटं कशाला बोला? रोज सकाळी चार तास घराबाहेर पडायला मिळावं, एवढाच तिचा हेतू. घरात तिचा बाप होता, आणि बापाकडं तिला बघवत नव्हतं.

बापाचं नाव बिराप्पा. जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून एक धनगरवाडी आहे, तिथला. पंचावन्न वर्षं मेंढरांमागं चालला. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेकडं निघायचं, खतासाठी लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, मिरगाच्या आत माघारी वळायचं, असं त्याचं वर्ष. गेल्या साली दोन्ही गुडघे गेले. एकदा ओढ्यात पडला, तो दुसरा कळपवाला येऊन उचलेपर्यंत तिथंच पडून. हे कळल्यावर अंजना हट्टालाच पेटली. एकुलती एक लेक, तिनं नाही म्हणायचं तर कुणी? "आबा, मेंढरं इका आन माझ्याकडं ऱ्हायाला या," म्हणून तिनं रोज फोन करून त्याचं डोकं खाल्लं. शेवटी दिवाळीच्या तोंडावर त्यानं कळप विकला आणि काठी, घोंगडं, पाण्याची बाटली एवढं घेऊन कोरेगावात लेकीच्या दारात येऊन उभा राहिला.

आला, तो बोलणं गावाकडंच ठेवून आला. दिवसभर खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसायचा. "आबा, जेवताय न्हवं?" "व्हय." "गुडघं दुखत्यात का?" "न्हाई." संपलं. अंजनाचा नवरा मल्हार बाजार समितीत कामाला. तो म्हणायचा, "म्हातारपण हाय, चालायचंच." त्याचं काय जातंय म्हणायला! अंजनाला मात्र भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, सारखं एकच वाटायचं. मेंढरं आपण विकायला लावली, आणि आता हा माणूस आपल्याच घरात बसून हळूहळू मरतोय. बापाला आपणच मारला.

अशात मे महिन्यात सोनिया टीचर गल्लीत आली. चर्चमधली पोरगी, नुकतीच बी.एड. झालेली. यंदा पहिल्यांदाच दहा दिवसांचं शिबिर तिच्या गळ्यात पडलेलं. गाणी, गोष्टी, हस्तकला, खाऊ आणि शेवटच्या दिवशी सहल, त्यामुळं गल्लीतली झाडून सगळी पोरं तिथं जायची. कोण कुठल्या देवाचं हे तिथं कुणी विचारत नव्हतं. अंजनाची आठ वर्षांची क्रांती तर महिनाभर आधीपासून नाचत होती. सोनिया रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, पोरं चाळीसच्या वर आणि आम्ही मोठी माणसं तीन. कुणी येईल का मदतीला?"

"म्या येती," अंजना म्हणाली.

शेजारच्या धोंडुबाईनं लगेच नाक मुरडलं. "अगं बया! आता तू चर्चात जाणार व्हय?"

"पोरास्नी पाणी पाजाया चाललीया, मावशी. पाण्याला कसलं आलंय चर्च आन देऊळ? तुमी बी चला, हात दुखत न्हाईत तुमचं."

धोंडुबाई काही आली नाही, पण आपल्या पिंट्याला मात्र रोज धाडू लागली.

तिसऱ्या दिवशी हस्तकलेत पोरांनी मेंढरं केली. पुठ्ठा कापायचा, वर कापूस चिकटवायचा, स्केच पेननं डोळे काढायचे. क्रांतीनं आपलं मेंढरू मोठ्या तोऱ्यात घरी आणलं आणि आजोबांच्या मांडीवर ठेवलं. बिराप्पानं ते उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. अंजना चुलीपाशी होती. आणि सहा महिन्यांत ऐकला नव्हता असा बापाचा आवाज तिच्या कानावर पडला.

"ह्ये काय हाय?"

"मेंढरू आबा!"

"ह्ये मेंढरू? ह्यो ससा हाय. कान वर असत्यात व्हय मेंढराचं? खाली पडत्यात कान. आन पांढरं कुठलं आणलंस? आपली मेंढरं काळी. कुणी शिकवलं तुला ह्ये?"

"सोनिया टीचरनी."

"तिला म्हणावं, जल्मात मेंढरू बघिटलंस का?"

दुसऱ्या दिवशी अंजना निघाली तर म्हातारा डोक्याला पटका बांधून दारात तयार. घोंगड्याच्या कडेची काळी लोकर उपटून त्यानं पिशवीत भरली होती. तिनं काही विचारलं नाही. विचारलं तर परत खाटेवर जाऊन बसेल अशी तिला धास्ती वाटली.

चर्चच्या आवारात लिंबाखाली बिराप्पानं चाळीस पोरांसमोर सोनियाची चांगलीच शिकवणी घेतली. सोनिया बिचारी मोकळ्या मनाची. हसली, सगळ्या मेंढरांचे कान खाली वळवून घेतले आणि वर त्याची काळी लोकर चिकटवून घेतली. मग तिनं मेंढपाळाची गोष्ट सांगितली. बाकीची मेंढरं रानात सोडून तो एका मेंढराला शोधायला निघाला, इथपर्यंत आली तोच मागून बिराप्पा खेकसला, "त्या गड्याजवळ कुत्रं हुतं का?"

"म्हणजे?"

"राखणीला कुत्रं न्हाई ठेवलं तर बाकीची लांडगा खाईल की. एका पायी समदी घालवायची व्हय?"

सोनियानं वळून बघितलं. चर्चचे पाळकसाहेब दारात उभे होते. ते हसून म्हणाले, "सलाम, बाबा. पस्तीस वर्षं ही गोष्ट सांगतोय, हे कुणी विचारलं नव्हतं. कुत्रं असणार. तुम्ही म्हणता म्हणजे असणारच." आणि तिथल्या तिथं त्यांनी बिराप्पाला फाटकावर बसायचं काम देऊन टाकलं.

त्या फाटकावरून मात्र रोज तंटा. कारण तिथं आधीपासून एक मालक होता, हवालदार जयराज. फौजेतून निवृत्त झालेला, उसाची बागायत असलेला, शाळेची बस चालवणारा. सुट्टीत बस रिकामीच, म्हणून चर्चला दिली आणि बसबरोबर स्वतःलाही दिलं. माणूस मनाचा मोठा, पण मोजणीचं वेड भारी. पोरं आली की मोजायची, खाऊच्या आधी मोजायची, घरी सोडताना मोजायची. पिवळ्या टोप्याही त्यानंच आणल्या होत्या. "टोपी मोजली की पोरगं मोजलं," म्हणायचा. "आबा, किती झाली गिनती?"

"समदी हायती," बिराप्पा म्हणायचा.

"समदी म्हंजी किती? आकडा बोला, आकडा!"

"आकड्याला काय चाटायचंय? समदी हायती म्हनलं न्हवं का."

म्हाताऱ्याला एकाही पोराचं नाव धड सांगता यायचं नाही. पण कोण कुणाच्या मागं चालतं, कोण पाणी सांडतं, कोण भांडण लावून बाजूला सरतं, कुणाला अकरा वाजले की जांभया येतात, हे सगळं त्याला चार दिवसांत पाठ झालं. दुपारी घरी आला की जेवताना क्रांतीशी ह्याच गप्पा. अंजना वाढताना ऐकत राहायची. तिला इतकं बरं वाटायचं की भीतीच वाटायची. दहा दिवसांचं तर शिबिर. अकराव्या दिवशी काय?

दहाव्या दिवशी सहल निघाली वाईला. तिथल्या चर्चमध्येही असंच शिबिर चाललं होतं. दोन्हीकडची पोरं एकत्र गाणार, जेवणार, खेळणार, घाट बघणार आणि चारला परत. त्रेचाळीस पोरं, त्रेचाळीस टोप्या. वाईच्या पोरांना टोप्या नव्हत्या, म्हणून कोरेगावची पोरं जरा जास्तच मिरवत होती.

दिवस झकास गेला. पुलावावर ताव मारला, कृष्णेच्या पाण्यात पाय बुडवले, एकमेकांची गाणी एकमेकांना शिकवली. चार वाजता जयराजनं शिट्टी फुंकली. "पिवळ्या टोप्या! बसमध्ये चढा! एक दो एक!" पोरं चढली. जयराजनं मागून पुढं मोजलं, पुढून मागं मोजलं. "त्रेचाळीस! गिनती पूरी!" आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.

बिराप्पा अजून खालीच होता. त्यानं पायरीवर एक पाय ठेवून आत बघितलं. मग पाय खाली घेतला.

"बस सोडू नगं," तो म्हणाला. "एक आपलं न्हाई ह्यात. आन आपलं एक ऱ्हायलंय."

"आबा, दोनदा मोजलंय मी. त्रेचाळीस आणली, त्रेचाळीस चालली."

"आसतील. पर एक आपलं न्हाई."

"आवं चढा आता, हायवेला ट्रक लागतील." जयराजनं बस सुरू केली. तर म्हातारा लंगडत गेला आणि बसच्या पुढं काठी आडवी धरून उभा राहिला. कळप रस्त्यावर अडवताना उभं राहतात तसा. हॉर्न वाजला. वाईचे लोक फाटकात गोळा झाले. आतली पोरं खिदळायला लागली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारबाचं डोकं फिरलं वाटतं."

अंजनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवड्याभरात बाप माणसात आला म्हणून ती हरखली होती, आणि आज परक्या गावात, चारचौघांत हे! ती धावत खाली उतरली, त्याचा दंड धरला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आबा, चढा मुकाट्यानं! तुमची मेंढरं न्हाईत ही!"

बोलली आणि तिनं जीभ चावली. त्याची मेंढरं कुणी घालवली, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण शब्द गेला तो गेलाच.

बिराप्पानं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, शांतपणं. "म्हणून तर म्हणतुय," तो म्हणाला. "मेंढरू असतं तर पराया कळपात वरडलं असतं. मानसाचं पोर टोपी घालून गप बसतंय."

त्यानं तिचा हात सोडवला, बसमध्ये चढला आणि चौथ्या सीटवर खिडकीला बसलेल्या एका छोटीच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलली. पाच वर्षांची असेल. गाल फुगवून चिक्की खात होती.

"काय गं अव्वा," त्यानं सीमेकडच्या लाडाच्या बोलीत विचारलं, "तुझं नाव काय?"

"अंकिता."

"कुठली तू?"

"वाईची."

जयराजनं इंजिन बंद केलं. सोनिया कशीबशी म्हणाली, "अगं, मग तू या बसमध्ये का बसलीस?"

"ते काका म्हणाले ना," अंकितानं जयराजकडं बोट केलं, "पिवळ्या टोप्या, बसमध्ये चढा."

टोपी कुणाची विचारलं तर म्हणाली, त्या कुत्र्यावाल्या दीदीनं दिली. मी टोपी हवी म्हणून रडत होते म्हणून दिली.

एवढं मोठं नदीचं पाणी जवळ, आणि कुणाचं तरी पोर गायब! "प्रांजल!" ती यादी धुंडाळत किंचाळली. "प्रांजल नाहीये!" ती घाटाकडं धावणार, तोच बिराप्पानं तिला हटकलं. "नदीकडं कशाला? ती पाण्याला भेती. सकाळी बी पायरीवरच बसली हुती. तिला शेपटीवालं काय दिसलं की तिचं पाय थांबत्यात. दुपारी निजायची बी सवय हाय तिला." मग तो जयराजकडं वळला. "तू हितं दारात हुबा ऱ्हा. एक बी पोर खाली उतरलं न्हाई पायजे. आलो आमी."

हवालदार जयराज निमूटपणं दारात उभा राहिला. घरी परतल्यावर तो सगळ्यांना सांगत फिरला, "म्हाताऱ्यानं मला कुत्र्याच्या जाग्याला उभं केलं राव!" पण ते पुढचं.

म्हातारा लेकीच्या खांद्यावर हात टाकून चर्चच्या मागं निघाला. तिच्या खांद्यावर त्याचा भार पडत होता आणि ती मनातल्या मनात दत्तापासून येशूपर्यंत सगळ्यांना हाका मारत होती. मागचं फाटक राखणदारानं नुकतंच कुलूप लावून बंद केलेलं. ते उघडून घेतलं. स्वयंपाकघराच्या पलीकडं मोडकी बाकडी रचून ठेवली होती, तिथं सकाळी बिराप्पानं व्यालेली कुत्री बघितली होती. अंजनानं वाकून बाकड्यांखाली बघितलं. चार पिल्लं, त्यांची आई, आणि त्यांच्यात प्रांजल, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. एक पिल्लू तिच्या पोटावर.

अंजना मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. बिराप्पा तिला म्हणाला, "रडतीस काय? वढ तिला भायेर. कुत्री वळखती आता, चावायची न्हाई." गुडघे वाकत नव्हते तरी तो भिंतीला धरून खाली बसला आणि पोरीला मांडीवर घेतलं. ती डोळे चोळत उठली.

"आबा, बस गेली?"

"न्हाई जायाची. म्या अडवलीया."

परतीच्या वाटेवर बसमध्ये कुणी गात नव्हतं. अंकिताला तिच्या आईच्या हातात देऊन, चार माफ्या मागून, चार चहा नाकारून निघायला साडेपाच झाले होते. बऱ्याच वेळानं जयराजनं आरशातून मागं बघितलं. "आबा, एक सांगतो. आकडा माझा चुकला नव्हता बरं का."

"आकडा बरुबर हुता तुझा."

"मग?"

"पोरगी दुसरी हुती."

एवढा वेळ धरून ठेवलेलं हसू सगळ्या बसला एकदम आलं. सोनिया हसता हसता रडली आणि रडता रडता परत हसली.

कोरेगावात पोरं आपापल्या आयांबरोबर पांगली. सोनियानं प्रांजलच्या आईला काही न लपवता सगळं सांगितलं. त्या माउलीनं बिराप्पाच्या पायांवर डोकं ठेवलं, तर तो अवघडून मागं सरला. पाळकसाहेबांनी शिबिर संपल्याची प्रार्थना केली. तेव्हा कुठं म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं.

"उद्या न्हाई?" त्यानं लेकीला विचारलं.

"न्हाई आबा. संपलं."

म्हाताऱ्यानं काठी उचलली. घरी येऊन खाटेवर बसला, जेवला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. अंजनानं आपलं ताट तसंच झाकून ठेवलं. वाईतलं आपलं ते बोलणं तिला आठवत राहिलं. आता परत ते सहा महिने सुरू, असं तिला वाटलं.

सकाळी सात वाजता ती चहा घेऊन गेली तर खाट रिकामी. पटका नाही, काठी नाही. जतला निघून गेला, दुसरं काय! तशीच अनवाणी स्टँडकडं पळाली. वाटेत धोंडुबाई म्हणाली, "तुझा बा? मघाशी आमच्याकडं येऊन गेला की. आमच्या पिंट्याला उठवून तोंड बघिटलं आन गेला. च्या बी न्हाई घेतला."

अंजना पुढं पळाली. पुढच्या आळीत प्रांजलच्या दारातून म्हातारा बाहेर येताना दिसला. काठी टेकत, पण झपझप.

"आबा! कुठं फिरताय आवं? शिबिर संपलं म्हनलं न्हवं का काल?"

"ठावं हाय मला. काल समदी लांब जाऊन आली. सकाळी बघाया नगं का, कोण लंगडतंय, कुणाला बाधलंय? प्रांजलचं कपाळ गरम हाय, तिच्या आयला सांगून आलोय. समदी कशी पांगून ऱ्हायल्यात बग, एक ह्या आळीला, एक त्या आळीला. येळ लागतुया."

अंजना रस्त्यात उभी होती, पायात चप्पल नाही, केस सुटलेले. सहा महिने जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते तिनं तिथं, भर रस्त्यात विचारलं. "आबा, माझा राग आलाय न्हवं तुमाला? मेंढरं इकाया लावली म्हणून?"

बिराप्पा थांबला. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं.

"आलाय की," तो म्हणाला. "लय आलाय."

तिचे डोळे भरून आले. वाईट वाटायला हवं होतं, पण छातीवरचं कसलं तरी ओझं उतरल्यासारखं झालं. "मग बोला की मला," ती म्हणाली. "शिव्या द्या. गप नका बसू."

"देतो की. सोडतुय व्हय तुला? पर आत्ता सवड न्हाई, अजून चौदा घरं ऱ्हायल्यात," म्हातारा म्हणाला, आणि काठी उचलून चालायला लागला. चार पावलं गेल्यावर मागं न बघताच ओरडला, "सांजच्याला देतो!"

अंजना पदरानं डोळे पुसत घरी आली आणि संध्याकाळची वाट बघत कामाला लागली.